व्हर्साय एका दिवसात : आधी राजवाडा, मग दिवसभर बाग

पॅरिसमध्ये चार-पाच दिवस मुक्काम असला की व्हर्सायचा एक दिवस ठरलेला असतो, आणि बहुतेकांचा तो दिवस एकाच तऱ्हेने फसतो. हॉटेलातला नाश्ता निवांत उरकून साडेदहा-अकराला पोचायचं, रांगेत तास घालवायचा, आरसेमहालात खांद्याला खांदा लावून मुंगीच्या पावलांनी सरकायचं. बाहेर येईपर्यंत दोन वाजलेले असतात आणि पोटात कावळे ओरडत असतात. मग बागेच्या वरच्या पायऱ्यांवर चार फोटो काढून परतीची गाडी. तिकिटाचे पूर्ण पैसे जातात आणि पाहून होतो तो एक कोपरा.

हे आवार आठशे हेक्टरहून मोठं आहे. राजवाडा त्याच्या एका टोकाला उभा आहे आणि पाहण्यासारखं पुष्कळसं त्याच्या पाठीमागे पसरलेलं आहे. म्हणून राजवाड्याला सकाळचे दोन-अडीच तास द्यावेत आणि उरलेला दिवस बागेला. एवढं पक्कं ठरवलं की बाकीची आखणी सोपी होते.

वार कोणता निवडावा

सोमवारी राजवाडा बंद असतो. बाग उघडी असते, पण त्यासाठी एवढं लांब यायचं कारण नाही. मंगळवार वरवर साधा वार वाटतो, पण त्या दिवशी पॅरिसमधलं लूव्र संग्रहालय बंद असतं आणि तिथली गर्दी व्हर्सायकडे वळते. शिवाय सोमवारी हुकलेलेही त्याच दिवशी येतात. राजवाडा शांतपणे पाहायचा असेल तर बुधवार, गुरुवार किंवा शुक्रवार बरा.

पण कारंजी पाहायची असतील तर हा हिशेब बदलतो. एप्रिल ते ऑक्टोबर या हंगामात सगळी मोठी कारंजी चालतात ती मुख्यतः शनिवारी आणि रविवारी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला काही मंगळवारीसुद्धा. सोमवार सोडून आठवड्यातल्या इतर दिवशी 'संगीत उद्यान' असतं. म्हणजे बागेत ध्वनिक्षेपकांवर त्या काळचं संगीत वाजतं आणि एरवी कुलूपबंद असणाऱ्या झाडीतल्या दालनांची फाटकं उघडतात. कारंजी मात्र बहुतेक कोरडीच. बागेचं तिकीट दोन्ही प्रकारच्या दिवशी लागतं, त्यामुळे 'पैसे घेतले आणि कारंजी बंद' अशी तक्रार करणारी मंडळी दर गुरुवारी भेटतात. राजवाड्याच्या संकेतस्थळावर तारखेनुसार काय चालू आहे ते स्पष्ट लिहिलेलं असतं. तिकीट काढण्याआधी ते पान पाहाच.

व्हर्साय आयुष्यात एकदाच होणार असेल तर गर्दी सोसून शनिवार घ्यावा, कारण पाण्याविना ही बाग निम्मीच कळते. सोबत सत्तरीचे आई-वडील असतील तर मात्र गुरुवार.

नोव्हेंबर ते मार्च कारंजी बंद असतात, झाडीतली दालनं मिटलेली असतात, थंडीत पुतळेही आच्छादनाखाली जातात. पण बागेला तिकीट नसतं, आणि या महिन्यांत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी राजवाडाही फुकट असतो. फ्रान्समध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हा रविवार तोंडपाठ असतो. खरं तर युरोपीय संघात वास्तव्याचा परवाना असलेल्या, सव्वीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला राजवाडा वर्षभर विनामूल्य आहे, तेव्हा परवाना खिशात हवा.

तिकीट

तिकिटाच्या पर्यायांत 'पासपोर्ट' नावाचं एक तिकीट दिसेल. त्याचा आपल्या पारपत्राशी संबंध नाही. राजवाडा, त्रियानोंचे छोटे महाल आणि कारंज्यांच्या किंवा संगीताच्या दिवशी बाग असं सगळं त्यात येतं. दिवसभराच्या सहलीला हेच घ्यावं. दर ऋतूप्रमाणे बदलतात. हंगामात माणशी ३५ युरोच्या आसपास धरून चाला. केवळ राजवाड्याचं तिकीट थोडं स्वस्त पडतं, पण मग दुपारी त्रियानोंच्या दारात पुन्हा पैसे मोजावे लागतात.

तिकीट घेताना राजवाड्यात शिरण्याची वेळ निवडावी लागते. सकाळी नऊची पहिली वेळ घ्या. शनिवार-रविवारच्या सकाळच्या वेळा बऱ्याच आधी भरतात, त्यामुळे आदल्या रात्री हॉटेलात बसून शोधाल तर दुपारी दोनची मिळेल, आणि दोन म्हणजे गर्दीचा कळस. वेळ दिली म्हणजे रांग नाही असंही नाही. सुरक्षा तपासणीची रांग सगळ्यांनाच आहे. पावणेनऊला अंगणात उभे असलात की ती पंधरा-वीस मिनिटांत आटोपते.

मुलांच्या तिकिटात एक मेख आहे. अठरा वर्षांखालच्या कुणालाही राजवाडा विनामूल्य आहे, मग देश कोणताही असो. पण कारंज्यांच्या किंवा संगीताच्या दिवशी बागेचं तिकीट सहा वर्षांवरच्या प्रत्येकाला लागतं. आई-बाबांकडे 'पासपोर्ट' आणि दहा वर्षांच्या मुलाकडे काहीच नाही, असं कुटुंब बागेच्या फाटकावर अडतं. मुलांचं शून्य किमतीचं राजवाड्याचं तिकीट आणि बागेचं सवलतीचं तिकीट, दोन्ही आधीच काढून ठेवा. पॅरिस म्युझियम पास असणाऱ्यांचंही तेच होतं. पासात राजवाडा आणि त्रियानों येतात, कारंज्यांच्या किंवा संगीताच्या दिवशीची बाग येत नाही, आणि राजवाड्याची वेळ तरीही वेगळी नोंदवावी लागते.

गाडी

सगळ्यात सोयीची गाडी म्हणजे आरईआर सी ही उपनगरी गाडी. पॅरिसच्या मध्यातून, सेन नदीच्या डाव्या काठाने ती जाते. सां-मिशेल, म्युझे दोर्से, अ‍ॅंव्हालिद, आयफेल टॉवरजवळचं शाँ द मार्स, यांतलं मुक्कामाला जवळचं स्टेशन निवडा. सां-मिशेलहून साधारण चाळीस मिनिटं लागतात.

गाडी चुकते ती स्टेशनांच्या नावांमुळे. व्हर्साय गावात तीन मुख्य स्टेशनं आहेत : व्हर्साय शातो रीव्ह गोश, व्हर्साय शांतिए आणि व्हर्साय रीव्ह द्रुआत. 'शातो' म्हणजे राजवाडा, आणि हा शब्द एकाच स्टेशनाच्या नावात आहे. आपल्याला तेच हवं. आरईआर सी च्या एकाच फलाटावरून निरनिराळ्या दिशांच्या गाड्या सुटतात. काही शांतिएमार्गे सां-कांतांला जातात, काही शाँ द मार्सनंतर उत्तरेला पोंत्वाजकडे वळतात. गाडीच्या डब्याकडे पाहून काही कळत नाही, म्हणून फलाटावरच्या पाटीवर शेवटचं स्टेशन वाचूनच चढा. चुकून शांतिएला पोचलात तर घाबरू नका, तिथून वीस मिनिटं चाललं की राजवाडा येतो. पोंत्वाजकडे गेलात तर मात्र सकाळ गेली.

उन्हाळ्यात, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या अखेरपर्यंत, या मार्गाचा पॅरिसमधला भाग दरवर्षी दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. नेमका तोच भारतीयांच्या सहलींचा काळ. अशा वेळी मोंपार्नासहून एन मार्गाची गाडी शांतिएला नेते आणि सां-लाझारहून एल मार्गाची गाडी रीव्ह द्रुआतला. दोन्हीकडून पुढे पंधरा ते वीस मिनिटांची चाल आहे. सां-लाझारच्या आसपास उतरला असाल तर एरवीसुद्धा एल मार्गच बरा.

भाड्याचा जुना गोंधळ आता मिटला आहे. पूर्वी शहरातलं मेट्रोचं तिकीट घेऊन लोक व्हर्सायला जायचे आणि उतरताना दंड भरायचे, कारण व्हर्साय भाड्याच्या चौथ्या झोनमध्ये येतं. १ जानेवारी २०२५ पासून मेट्रो, ट्रेन आणि आरईआरला विमानतळ सोडून सगळीकडे एकच दर आहे, एका खेपेला अडीच युरोच्या आसपास. बसचं तिकीट मात्र वेगळं असतं आणि ते गाडीत चालत नाही. यंत्रावर घाईत बोट दाबताना हीच चूक होते. नाविगो ईझी हे कार्ड दोन युरोंना मिळतं. ते माणशी एक घ्यावं लागतं, एकाच कार्डावर चौघांना जाता येत नाही. कार्डावर जाण्याची आणि येण्याची अशा दोन खेपा सकाळीच भरून घ्या. संध्याकाळी पाच-सहाला व्हर्साय स्टेशनातल्या यंत्रांपुढे गावजेवणाला लागावी तशी रांग लागते. आरईआर सी मध्ये पाकीटमार फिरतात, त्यामुळे पारपत्र आणि फोन आतल्या खिशात ठेवा.

स्टेशनाबाहेर उजवीकडे वळा, पहिल्या मोठ्या चौकात डावीकडे. समोर रुंद रस्ता आणि त्याच्या टोकाला राजवाडा दिसतो. दहा मिनिटांची चाल. वाटेत तिकिटं विकायला कुणी पुढे आलं तर थांबू नका.

राजवाड्याच्या आत

पुढचं अंगण फरसबंदीचं, खडबडीत दगडांचं आहे. बाहेरच्या फाटकातून आत आलात की समोर सोन्याचा मुलामा दिलेलं दुसरं फाटक दिसतं. मूळ फाटक राज्यक्रांतीनंतर काढून टाकलं होतं, आताचं २००८ साली पुन्हा घडवलेलं आहे. एकट्या-दुकट्या प्रवाशांचं 'ए' दार डाव्या अंगाला आहे. उजवीकडचं 'बी' दार गटांसाठी आहे. दोन्ही रांगा लांबून सारख्याच दिसतात, तेव्हा पाटी वाचा. मोठी बॅग, छत्री, सेल्फी स्टिक आणि धातूच्या सांगाड्याची बाबागाडी आत नेता येत नाही. या वस्तू दारापाशी विनामूल्य ठेवून घेतात. विमानतळावरून थेट सुटकेस घेऊन येऊ नका, मोठं सामान तिथेही घेत नाहीत. चालायला त्रास असणाऱ्यांसाठी चाकांची खुर्ची मागितली तर मिळते, लिफ्टही आहे. ध्वनिमार्गदर्शक मिळतो. तोच मजकूर राजवाड्याच्या मोफत अ‍ॅपमध्येही आहे, तेव्हा आदल्या रात्री अ‍ॅप उतरवून घ्या आणि स्वतःचे इअरफोन न्या.

इतिहास थोडक्यात. तेराव्या लुईने १६२३ साली इथे शिकारीसाठी एक साधं घर बांधलं. त्याच्या मुलाने, चौदाव्या लुईने, त्याच घराभोवती वाडा वाढवत नेला आणि ६ मे १६८२ रोजी दरबार आणि सरकार पॅरिसहून इथे हलवलं. लुई ल व्हो आणि नंतर जूल आर्दुआँ-मांसार हे स्थपती, शार्ल ल ब्रं हा चित्रकार आणि आंद्रे ल नोत्र हा बागेचा कर्ता. ही चार नावं दिवसभर कानावर पडत राहतील.

वरच्या मजल्यावरची दालनं एकातून एक उघडतात, मधे वेगळा बोळ नाही. म्हणून गर्दी तुंबते. सगळे एकाच दिशेने जातात आणि एका दालनात पुढचा गट थांबला की मागची तीन दालनं अडतात. नऊच्या वेळेचा फायदा इथेच कळतो.

पहिलं मोठं दालन हर्क्युलिसचं. छतावरचं अवाढव्य चित्र फ्रांस्वा लमुआन याने १७३६ साली पुरं केलं. लोक मान वर करून ते पाहतात आणि पुढे जातात, पण आपल्याला इथे थांबायला आणखी एक कारण आहे. १० ऑगस्ट १७८८ रोजी सोळाव्या लुईने म्हैसूरच्या टिपू सुलतानाच्या वकिलांची, म्हणजे राजदूतांची, भेट याच दालनात घेतली. इंग्रजांविरुद्ध मदत मागायला ते आले होते. हाती फारसं काही लागलं नाही, आणि वर्षभरातच फ्रान्समध्ये क्रांती पेटली.

पुढची व्हीनस, डायना, मंगळ, बुध, अपोलो ही दालनं एकेक मिनिटात पाहिली तरी चालतील. अपोलोच्या दालनात पूर्वी सिंहासन असायचं. त्यानंतर युद्धाचं दालन, आणि मग आरसेमहाल.

दारातून आत शिरताच सगळे जागच्या जागी थबकून फोन वर करतात, त्यामुळे पहिले दहा-पंधरा मीटर चेंगराचेंगरी असते. तिथे न थांबता सरळ मध्यापर्यंत जा. महाल ७३ मीटर लांब आहे, मध्यावर श्वास घ्यायला जागा मिळते. आता एका कमानीजवळ उभे राहा. बागेकडे १७ खिडक्या आहेत आणि त्यांच्या समोर भिंतीवर आरशांच्या १७ कमानी. प्रत्येक कमानीत २१ तुकडे, असे एकूण ३५७ आरसे. मोठा अखंड आरसा बनवणं तेव्हा जमत नव्हतं, म्हणून तुकडे जोडले आहेत, आणि सांधे सोनेरी पट्ट्यांनी झाकले आहेत. तोवर आरशांची मक्तेदारी व्हेनिसची होती. हे आरसे फ्रान्समध्ये बनले, आणि आलेल्या परदेशी वकिलाला तेच दाखवायचं होतं. १८७१ च्या जानेवारीत जर्मन साम्राज्याची घोषणा मुद्दाम याच महालात झाली, आणि २८ जून १९१९ रोजी जर्मनीला इथेच सही करावी लागली. शाळेत पाठ केलेला व्हर्सायचा तह तो हाच. हिंदुस्थानच्या वतीने भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांच्या सह्या त्यावर आहेत.

महाल पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी उजेड सौम्य असतो, थेट ऊन दुपारनंतर येतं. छायाचित्रकार मंडळी म्हणून संध्याकाळी चारनंतरची वेळ घेतात, तेव्हा गर्दीही ओसरलेली असते. तसं करायचं असेल तर दिवसाचा क्रम पूर्ण उलटा करावा लागतो, बाग सकाळी आणि राजवाडा शेवटी. पाय थकल्यावर दालनं पाहायची तयारी असेल तरच हा खटाटोप करा.

राणीच्या शयनगृहात पलंगाच्या डावीकडे भिंतीच्या कापडातच मिसळून गेलेलं एक दार आहे. ६ ऑक्टोबर १७८९ च्या पहाटे जमाव आत घुसला तेव्हा मारी आंत्वानेत याच दाराने राजाच्या दालनांकडे पळाली. दार बारकाईने शोधावं लागतं. त्यानंतरचा लढायांचा सज्जा १२० मीटर लांब आहे आणि त्यात ३३ भव्य चित्रं आहेत. युद्धेतिहासाची आवड नसेल तर तो न रेंगाळता पार करा. प्रसाधनगृह इथून बाहेर पडण्याआधीच उरका, बागेत ती लांब-लांब आहेत. आणि एकदा बाहेर पडलात की राजवाड्यात पुन्हा शिरता येत नाही.

बाग : आधी वर उभं राहून पाहा

बाग कशी पाहावी याची लेखी सूचनावली खुद्द चौदाव्या लुईने तयार केली होती, आणि ती वेळोवेळी सुधारलीही. तिची पहिली सूचना आजही पाळावी : राजवाड्यातून गच्चीवर या आणि पायऱ्यांच्या वर थांबून समोरचं सगळं नजरेखालून घाला.

दोन मोठे जलाशय, त्यांच्या काठांवर फ्रान्समधल्या नद्यांचे पहुडलेले कांस्य पुतळे, खाली लातोनाचं कारंजं, मग हिरवळीचा लांब पट्टा, त्याच्या टोकाला अपोलो आणि पलीकडे कालवा. सगळं हाकेच्या अंतरावर वाटतं. ते तसं नाही. ल नोत्रने दूरची तळी मुद्दाम मोठी ठेवली आहेत, त्यामुळे ती जवळ भासतात. अपोलोपर्यंतच जवळजवळ एक किलोमीटर आहे आणि त्यापुढचा कालवा १६७० मीटर लांब. 'पाच मिनिटांत जाऊन येऊ' म्हणत उतरलेली माणसं अर्ध्या वाटेवरून परत फिरतात. दिवसभरात आठ ते दहा किलोमीटर चाल होते, तीही खडीच्या वाटांवरून. सपाट, पायात रुळलेले बूट घाला. नव्या चपला आणि उंच टाचा इथे रडवतात.

खाली उतरण्याआधी डावीकडच्या कठड्यापर्यंत जाऊन या. खाली नारिंगीची बाग दिसते. मे महिन्याच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत संत्री, लिंबं, ताड आणि डाळिंबाच्या हजारावर कुंड्या तिथे मांडलेल्या असतात. थंडीत ही झाडं शेजारच्या दगडी तळघरवजा इमारतीत जातात.

लातोनाच्या कारंज्याजवळ मात्र अगदी काठाला जा. गोष्ट अशी : अपोलो आणि डायना या तान्ह्या मुलांसह तहानलेली लातोना एका तळ्याशी येते, तिथले शेतकरी तिला पाणी पिऊ देत नाहीत, उलट गढूळ करतात, आणि देव त्यांना बेडूक करून टाकतो. शिल्पकारांनी नेमका तो बदलण्याचा क्षण पकडला आहे. एका माणसाचं अंग अजून माणसाचं आहे, पण तोंड रुंद फाटलेलं, बेडकाचं. दुसऱ्याचे हातच पालटलेले. कडेने सोनेरी बेडूक, कासवं आणि सरडे वर तोंड करून बसले आहेत. कारंजं सुरू झालं की ही सगळी तोंडं मधल्या लातोनाच्या दिशेने पाणी उडवतात.

पाण्याची वेळ

नवख्यांना वाटतं की कारंजी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतात. ती राजाच्या काळातही चालत नव्हती. सगळ्या कारंज्यांना एका वेळी पुरेल एवढं पाणीच इथे कधी नव्हतं. राजा बागेत फिरायचा तेव्हा माळी एकमेकांना शिट्ट्या घालायचे. राजा वळणावर आला की पुढचं कारंजं सुरू, नजरेआड झाला की मागचं बंद. पाण्यासाठी मार्ली इथे सेन नदीवर १४ प्रचंड चाकं आणि दोनशेहून अधिक पंपांचं यंत्र उभारलं, ते १६८४ मध्ये सुरू झालं. तेही अपुरं पडलं म्हणून एर नदीचं पाणी वळवण्याचं काम काढलं, मोठा जलसेतू अर्धा बांधून झाला आणि १६८८ मध्ये युद्ध आलं. काम तिथेच थांबलं. आजही कारंजी उंचावरच्या साठ्यातून उताराने येणाऱ्या पाण्यावर चालतात, आणि जुन्या नळांना विश्रांती लागते.

म्हणून वेळा ठरलेल्या असतात : साधारण दुपारच्या आधी एक तास, आणि दुपारनंतर पुन्हा. फाटकावर मिळणाऱ्या पत्रकात नेमकी वेळ आणि नकाशा दोन्ही असतं. नऊला राजवाड्यात शिरलेला माणूस साडेअकराच्या आत बागेत असतो आणि सकाळचा खेळ त्याच्या हाती लागतो.

त्या तासात सगळं पाहायचा हट्ट धरू नका. लातोना झाल्यावर झाडीत शिरा. उंच कुंपणांआडची ही दालनं हीच या बागेची खरी गंमत, आणि घाईतल्या पर्यटकांना ती दिसतही नाहीत, कारण मुख्य रस्त्यावरून तिथे नुसती झाडांची भिंत दिसते. चार पुरेत. नृत्यदालनात शिंपल्यांनी मढवलेल्या पायऱ्यांवरून पाणी ओघळतं आणि समोर बसायला गवताच्या पायऱ्या आहेत. खांबांचं दालन संगमरवरी खांबांच्या वर्तुळाचं आहे. एन्सेलादसमध्ये दगडांच्या ढिगाऱ्याखाली गाडला गेलेला राक्षस तोंडातून २५ मीटर उंच धार सोडतो. आणि दर्पणकारंजं हे संगीताच्या तालावर नाचणारं, थोड्या-थोड्या वेळाने पुन्हा लागणारं, लहान मुलांना सगळ्यात आवडणारं.

जेवण

बागेत डबा उघडून बसायला मनाई आहे, रखवालदार उठवतात. बाहेरच्या मोकळ्या उद्यानात चालतं. त्रियानोंच्या वाटेवर, राणीच्या फाटकाजवळचं सां-आंत्वानचं माळरान त्यासाठीच आहे. कालव्याच्या तोंडाशी खाद्यपदार्थांची दुकानं आहेत, पण महाग, आणि शाकाहारी माणसाला चीजचं सँडविच, बटाट्याचे तळलेले काप आणि क्रेप यांपलीकडे फारसं काही नाही. काटेकोर शाकाहारींनी लक्षात ठेवावं की फ्रेंच चीज बहुधा वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेलं असतं. दशम्या, थालीपीठ, तिळाची चटणी असा कोरडा डबा बरा, पाण्याची बाटली भरलेली असू द्या. मंगळवार, शुक्रवार आणि रविवारी सकाळी गावातल्या नोत्र-दाम चौकात उघड्यावरचा बाजार भरतो. फळं आणि ताजा पाव तिथे उत्तम मिळतो, पण तो राजवाड्याच्या उत्तरेला आहे, नऊची वेळ असेल तर जाताना जमणार नाही.

कालव्यावर भाड्याच्या वल्ह्यांच्या होड्या आहेत आणि काठाला सायकली. सायकल फक्त बाहेरच्या उद्यानात चालते, पुतळ्यांच्या बागेत नाही.

त्रियानों आणि राणीचं खेडं

हे महाल दुपारी बारालाच उघडतात. सकाळी आधी तिकडे जाणारे बंद दारातून परततात. राजवाड्यापासून पंचवीस-तीस मिनिटांची चाल आहे. पाय बोलायला लागले असतील तर उत्तरेच्या गच्चीवरून छोटी रबरी चाकांची गाडी निघते, तिला वेगळे पैसे पडतात.

मोठं त्रियानों १६८७ चं, गुलाबी संगमरवराचं, एकमजली. अर्धा तास पुरतो. छोटं त्रियानों १७६८ साली पुरं झालं आणि १७७४ मध्ये सोळाव्या लुईने ते मारी आंत्वानेतला दिलं. आतली दालनं पटकन होतात, खरं पाहायचं ते त्याच्या मागे. तळ्याकाठी तिने एक आख्खं खेडं वसवलं होतं, गवताने शाकारलेली घरं, गिरणी, मनोरा आणि गोठ्यासह. बाहेरून भिंतींना मुद्दाम भेगा रंगवल्या होत्या, राणीच्या घरात मात्र सजवलेली दालनं होती. इथे मुलं रमतात, कारण कोंबड्या, बकऱ्या आणि बदकं आजही पाळलेली आहेत. तासभर ठेवा.

परतीला

कारंज्यांच्या दिवशी पाचच्या सुमाराला राजवाड्याच्या उत्तरेला नेपच्यूनच्या तळ्यापाशी या. ९९ धारा एकदम सुटतात आणि दिवसाचा खेळ तिथेच संपतो. उतारावरच्या हिरवळीवर जागा धरायची तर पंधरा मिनिटं आधी पोचा. त्याच्या शेजारच्या फाटकातून थेट गावात बाहेर पडता येतं. सरळ रस्ता नोत्र-दाम बाजाराकडे आणि तिथून रीव्ह द्रुआत स्टेशनाकडे जातो. सगळं जग रीव्ह गोशच्या आरईआरकडे धावत असताना सां-लाझारची ही गाडी बरीच मोकळी असते. रीव्ह गोशहूनच जायचं ठरलं तरी तिथे दिशेचा घोळ नाही. ते शेवटचं स्टेशन आहे, सुटणारी प्रत्येक गाडी पॅरिसकडेच जाते.

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतच्या शनिवारी रात्री कारंज्यांचा दिव्यांसह वेगळा खेळ असतो, शेवटी आतषबाजी. त्याचं तिकीट वेगळं, आणि तो संपायला अकरा वाजून जातात. सकाळी नऊपासून चाललेल्या लहान मुलांना घेऊन तो करू नका. करायचाच असेल तर त्या दिवशी उशिरा, दुपारी निघा, राजवाडा उरकून रात्री खेळ पाहा, आणि शेवटच्या गाडीची वेळ स्टेशनातून बाहेर पडतानाच पाटीवर वाचून ठेवा.